साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या गवतातलं ते जांभळं फूल कोणतं? कीटकभक्षी असेल, तर बोट लावल्यावर मिटलं का नाही?

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून ही सीतेची आसवंच वाटतात. ओलसर, पाणी साचलेली जागा, वीतभरही नसलेले दांडे, पान दिसत नाही आणि जिकडे बघावं तिकडे जांभळं. शास्त्रीय नाव युट्रिक्युलॅरिया पर्प्युरॅसेन्स.

खात्री करायची तर फुलाकडे बाजूने बघा. दोन ओठ असतात. खालचा मोठा, त्याच्या मधोमध पांढरट फुगीर ठिपका आणि मागे खाली वळलेली टोकदार शेंडी. तिथेच आभाळीही फुलते, पण तिला तीन पाकळ्या आणि पुंकेसरांवर जांभळी लव. जांभळ्या मंजिरीचा तर उभा तुराच असतो. या दोघींना शेंडी नसते. भातखाचरात किंवा कोकणच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, अशीच शेंडीवाली, पण गवताला वेढे घालत चढलेली वेल दिसली तर ती याच कुळातली दुसरी जात.

आता मिटण्याबद्दल. फूल काही खात नाही हो! त्याचं काम कीटकांना बोलावून परागीभवन करून घ्यायचं, त्यांना गिळून कसं चालेल? शिकार चालते खाली चिखलात. या झाडाला खरी मुळं नसतात. जमिनीतल्या धाग्यांसारख्या फांद्यांवर मोहरीहून लहान पारदर्शक पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी सतत बाहेर टाकते, त्यामुळे आतला दाब कमी होऊन तिच्या भिंती आत ओढल्या जातात. तोंडाशी झडप आणि तिच्यावर बारीक केस. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्या केसांना धडकला की झडप आत उघडते आणि तो पाण्यासकट आत खेचला जातो. हे सगळं सेकंदाच्या काही हजाराव्या भागात! आपल्याला दिसणं शक्यच नाही. मग पाचक रस सुटतात.

हा उद्योग कशासाठी? जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ, त्यातला नत्र धो धो पावसात वाहून जातो. हवेतून आणि उन्हातून अन्न हे झाड स्वतः बनवतंच, नत्राची तूट मात्र शिकारीतून भरून काढतं. म्हणून इतर झाडं जिथे तग धरत नाहीत, तिथे याचे गालिचे. सोबतीला गेंदाची गोल पांढरी फुलं.

रोप कुंडीत लावायचा विचार सोडा. बागेतली खतावलेली माती याला मानवत नाही आणि कासला फुलं तोडायला, रोपं उपटायला बंदी आहे. कास 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे, तरी गालिच्यात लोळून फोटो काढणारे दर सप्टेंबरात भेटतातच. त्या लोळण्याने खालच्या पिशव्यांचा चेंदामेंदा होतो.

ओळख अजून पक्की करायची असेल तर इथे बाजूने काढलेला एक फोटो टाका, वरून काढलेला नको. त्यात शेंडी दिसली की सांगतो.