दिवाडी बेट, सायकल आणि तिथीची पाऊणपट

प्रश्न : ताई, मी कुडाळची, एस.वाय.बीएस्सीला आहे, विषय बॉटनी. सुट्टीत एक दिवस मैत्रिणीबरोबर सायकलवर एखादं छोटं बेट फिरायचं डोक्यात आहे. सिंधुदुर्ग किल्ला शाळेपासून चार वेळा झालाय आणि तिथे सायकलचं कामच नाही. कोणीतरी गोव्यातलं दिवाडी सुचवलं, पण आई म्हणते की तिथे बघण्यासारखं काय आहे, नुसती शेतं आणि चर्च. एका दिवसात होईल का? आणि खरंच बघण्यासारखं काय आहे?

उत्तर : होईल, आरामात होईल. आईला सांग, ती शेतंच बघायला जायचंय.

आधी पोचायचं कसं ते. कुडाळहून गाडीने करमळी स्टेशनला उतरायचं, तिथून जुनं गोवं दोन-अडीच किलोमीटर. चर्चेसच्या बाजूने खाली नदीकडे गेलीस की रस्त्यावरच एक मोठी दगडी कमान लागते, व्हाइसरॉय आर्च. सोळाव्या शतकाच्या अखेरीस व्हाइसरॉय असलेल्या वास्को द गामाच्या पणतवाने ती पणजोबाच्या नावाने बांधली, आत्ताची मात्र 1954 ची पुनर्बांधणी आहे. नवा व्हाइसरॉय पोर्तुगालहून आला की या कमानीतून शहरात शिरायचा, आणि आज तिच्याखालून दिवाडीची माणसं गॅसचा सिलिंडर नि भाजीच्या पिशव्या घेऊन ये-जा करतात. कमान ओलांडली की समोर मांडवी आणि फेरीबोटीचा धक्का. बेटावर जायला पूल नाही, फेरीशिवाय वाट नाही.

आता खरी गोष्ट. बहुतेक जण विचारतात फेरी किती वाजता, मी म्हणते आधी भरती किती वाजता ते बघ. तू कोकणातली आहेस म्हणजे घरातल्या कोणा म्हाताऱ्या माणसाला हे गणित नक्की येत असणार, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. त्रयोदशीला पावणेदहा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. पुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. नदीत आत गेलं की थोडा उशीर होतो, पण दिवस आखायला एवढं पुरतं. मी तुला त्रयोदशीच्या आसपासचा दिवस धरायला सांगीन, कारण मग सकाळी भरलेली नदी ओलांडशील, दुपारभर पाणी उतरत राहील आणि त्या उतरत्या पाण्यातच दिवाडीचं सगळं गुपित दिसतं. शिवाय पौर्णिमा-अमावस्या जवळ असल्याने उधाणाचं पाणी, चढउतार मोठा, भांगाच्या म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांसारखा मिळमिळीत नाही.

फेरीतून उतरलीस की रस्ता सरळ शेतांमधून जातो. ही साधी शेतं नाहीत, ही खाजणं. म्हणजे खारं पाणी जिथे भरतीला आत यायचं ती जमीन शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी मातीचे बांध घालून नदीकडून मागून घेतलेली, आणि आजही शेताची पातळी भरतीच्या पाण्याहून खाली असते. रस्त्यावर सायकल थांबवून एकदा नीट बघ, डावीकडे भात, बांधापलीकडे नदी, आणि नदी भाताहून उंच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कितीतरी वेळ तिथून हलले नव्हते. कारमधून हे दिसतच नाही, पाच मिनिटांत माणूस टेकडीवर पोचतो.

बांधावर कुठेतरी एक दगडी बांधणीचं दार लागेल, त्याला मानस म्हणतात. सापडलं नाही तर शेतात काम करणाऱ्या कोणालाही विचार, तुझी मालवणी त्यांना कळते आणि त्यांची कोंकणी तुला कळेल. मानशीला लाकडी झडपा असतात, वरच्या बाजूने टांगलेल्या. भरती चढायला लागली की बाहेरचं पाणीच झडपेला आत ढकलतं आणि ती घट्ट बंद होते, ओहोटी लागून बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतलं पाणी झडप बाहेर लोटतं आणि शेतातलं जादा पाणी निघून जातं. मोटर नाही, स्विच नाही, चंद्र दार उघडतो आणि चंद्रच लावतो. त्रयोदशीला गेलीस तर दुपारी बारा-एकच्या सुमाराला मानशीजवळ बसून राहा. आधी लाकडाच्या कडेने नुसता ओला चकाकता धागा दिसतो, मग बारीक सळसळ, मग झडप बोटभर सरकते आणि गढूळ पाण्याचा पट्टा नदीच्या हिरवट पाण्यात पसरत जातो, त्याच्यामागे बगळे येऊन उभे राहतात कारण पाण्याबरोबर मासळी बाहेर येते. माणसंही तिथेच जाळं लावतात, मानशीवरच्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो. डबा तिथेच खा. दिवाडीत तासभर कुठे घालवायचा असेल तर इथे.

भाताचं पण सांगते, तुझा विषय आहे म्हणून. खाजणात कोरगुट नावाचं खारं सोसणारं भात घेतात. पावसाच्या पाण्याने जमिनीतलं मीठ धुऊन निघालं की एक पीक पदरात पडतं, खरिपाचं. बांध फुटला आणि खारं पाणी घुसलं की ते वर्ष गेलं, शिवाय जमिनीला परत गोडी यायला वेळ लागतो. आपल्याकडे खारबंधारे आहेत त्यांचं दुखणं हेच. म्हणून बांधावरून सायकल चालवू नकोस, विशेषतः पाऊस झाल्यावर. उतर, हातात धर, चाल. चाकाची एक घळ पडली की पाणी तिथूनच वाट काढतं, आणि ती बुजवायला दुसऱ्याच कोणाला तरी चिखलात उतरावं लागतं. यात मी अजिबात ऐकून घेत नाही.

बांधाच्या नदीकडच्या बाजूला खारफुटी. तिवराचं पान तोडू नकोस, नुसतं बोट फिरवून जिभेला लाव, खारट लागेल, पानातून मीठ बाहेर टाकतं ते झाड. पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं तिवराची आणि चिपीची, कमानीसारखी आधार देणारी कांदळाची. फक्त हुऱ्याला म्हणजे गेव्याला हात लावायचा नाही, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. आणि चिखलात, पाण्यात पाय घालायचा नाही, जवळच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत ही अफवा नाही, खरंय.

टेकडीवर पिएदादचं चर्च आहे. चढ छोटा पण दम काढतो, गिअर नसेल तर ढकलत ने, वर गेलीस की सगळं बेट, मांडवी आणि पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे एका नजरेत येतात. उतरताना मात्र दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत ये, वळणं आहेत. गावातली जुनी घरं सुंदर आहेत पण ती लोकांची राहती घरं आहेत, फोटो काढायच्या आधी विचारावं. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी जाऊ नकोस, त्या दिवशी बोंदेरा असतो. पूर्वी वाड्यांच्या हद्दीवरून भांडणं व्हायची, हद्दीला निशाणं लावायचे आणि ती पाडापाडी चालायची, त्याची आठवण म्हणून हा सण. बघायला मजा येते, पण सायकलला त्या गर्दीत जागा नाही.

येतानाची एक गोष्ट लक्षात ठेव. सकाळी भरतीला फेरीचा उतार कोरडा असतो, संध्याकाळी ओहोटीला त्याच उताराचा शेवाळलेला भाग उघडा पडतो. मी एकदा घाईत सायकलवर बसूनच खाली गेले, पुढचं चाक सटकलं आणि कोपर चांगलं सोलवटलं, बोटीवरच्या माणसाने उचलून बसवलं आणि पाणी आणून दिलं. तेव्हापासून उतरते आणि हातात धरून नेते. गाड्या आधी उतरू द्यायच्या, मग आपण चढायचं आणि कडेला उभं राहायचं. शेवटची फेरी किती वाजता हे बेटावर पाय ठेवताक्षणी विचारून घे. पंक्चर किट, एक जादा ट्यूब आणि छोटा पंप बरोबर असू दे, पाणी दोन बाटल्या. आईला मैत्रिणीचा नंबर आणि परतीच्या गाडीची वेळ कागदावर लिहून दे.

चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य त्याच दिवशी उरकू असा विचार येईल, बाजूचंच बेट आहे, रायबंदरहून फेरी जाते. नको. तो वेगळा दिवस.

प्रश्न : मी चिपळूणला इतिहास शिकवायचो, आता निवृत्त. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं असं वाचलं. सायकलवरून मुलं घेऊन गेलो तर काय दाखवता येईल? वय 64, सायकल रोज चालवतो.

उत्तर : सर, नमस्कार. तुम्ही बरोबर वाचलंत. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत, त्यांच्या नाण्यांवरही त्याचं नाव आहे. बहमनी काळात देऊळ पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने चौदाव्या शतकात परत उभं केलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. लिंग नदीपलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला नेलं गेलं आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला. गोवा सरकारने केलेल्या दुरुस्तीनंतर 2023 मध्ये ते परत खुलं झालं.

मुलांना हे सगळं एका दिवसात सायकलवर जोडून दाखवता येतं, आणि मला यातच सगळ्यात जास्त आनंद वाटतो. जुन्या गोव्याहून दिवाडीत या, बेट आडवं ओलांडा, मूळ जागेजवळचं जुनं तीर्थ म्हणजे तळं दाखवा आणि नार्व्याच्या बाजूच्या फेरीने पलीकडे जा, देऊळ तिथून थोडं आत आहे. देव ज्या पाण्यावरून गेला त्याच पाण्यावरून मुलं जातील, वर्गात हे कितीही रंगवून सांगितलं तरी नदीची रुंदी कळत नाही. फक्त नार्व्याच्या फेरीची वेळ आधी विचारून घ्या आणि परतीला दोन फेऱ्या लागतात हे धरून दुपारी तीनच्या आत मागे वळा. मुलं दहाच्या वर नेऊ नका, बोटीच्या कडेला दहा सायकली धरून उभं राहणंच पुष्कळ होतं.

प्रश्न : रेल्वेत सायकल नेता येते का? की तिकडे भाड्याने घ्यावी?

उत्तर : डब्यात नेता येत नाही, लगेजमध्ये बुक करून ब्रेकव्हॅनमधून जाते. मधल्या स्टेशनांवर गाडी जेमतेम थांबते, म्हणून दोन दिवस आधी चढायच्या आणि उतरायच्या दोन्ही स्टेशनांवर चौकशी करा. एका दिवसासाठी मी भाड्याचीच घेईन. पणजीत मिळाली तर रायबंदरच्या जुन्या बंधाऱ्यावरून चालवत जा, 1630 च्या दशकातला पोर्तुगीज बांध आहे, जवळजवळ तीन किलोमीटर सपाट, एका बाजूला मांडवी आणि दुसरीकडे मिठागरं, पुढे रायबंदरहूनही दिवाडीला फेरी आहे. वाहनं बरीच असतात, सकाळी आठच्या आधी निघा. घेताना ब्रेक आणि मागच्या चाकाची हवा तिथेच तपासा. स्वतःची नेलीत तर घरी आल्यावर त्याच रात्री गोड्या पाण्याने चेन धुऊन तेल घाला, सकाळपर्यंत ठेवली तर खारं लागलेल्या चेनवर तांबूस डाग आलेले दिसतात.