झगामगा, मला बघा

ऑस्करची रात्र आपल्याकडे सोमवारी पहाटे उजाडते. त्या पहाटे पोदेर दारात पों पों करून थकला, पण पाव घ्यायला आमच्याकडून कुणी गेलं नाही. मी टीव्हीसमोर आणि आमचे यजमान डोक्यावरून पांघरूण ओढून. निम्म्या गोव्यात हीच कथा असावी, कारण या खेपेला आलेली पत्रं म्हणजे नुसती भांडणं आहेत. जत्रेतल्या नाटकांची ड्रेपरी, म्हणजे नटांचे कपडे, सांभाळण्यात जिचा जन्म गेला, तिला लोक ऑस्करचा निवाडा मागतात. बरं, देते.

ताई, भावजींशी माझी पैज लागली आहे. भानू अथय्यांना 'गांधी'साठी ऑस्कर मिळालं हे ते मानतात, पण म्हणतात, त्यात शिवण्यासारखं होतं काय? धोतरं आणि पंचे! मला पटकन उत्तर सुचलं नाही. — एक वहिनी, पेडणे

भावजींच्या हातात एक धोतर द्या आणि नेसून दाखवा म्हणावं. नुसतं आरशासमोर नव्हे. जिना चढायचा, मांडी घालून बसायचं, उठायचं, पुन्हा जिना उतरायचा. काष्टा जागेवर राहिला तर पैज त्यांची.

शिवलेला कोट खांद्यावर आपला आपण बसतो. न शिवलेलं कापड प्रत्येक अंगावर नव्यानं बसवावं लागतं. सिनेमात तर एकच प्रसंग पाच वेळा घेतात, आणि पाचही वेळा निऱ्या तेवढ्याच आणि सोगा त्याच बाजूला लागतो. शिवाय त्या सिनेमाची गोष्टच मुळी कपड्यांतून पुढे जाते. 1893 साली आगगाडीतून ढकलला जातो तो सुटाबुटातला बॅरिस्टर. 1915 साली हिंदुस्थानात परतला तो काठियावाडी पागोटं बांधून. सप्टेंबर 1921मध्ये मदुराईला त्यानं उरलंसुरलंही टाकलं आणि पंचा तेवढा ठेवला. माणूस श्रीमंत होत गेला की त्याची वेषभूषा करणं सोपं, जर वाढवत न्यायची. इथं दर वेळी कमी करायचं होतं. अंत्ययात्रेचा प्रसंग 31 जानेवारी 1981 रोजी दिल्लीत चित्रित झाला, तीनएक लाख माणसांच्या गर्दीत. पुढच्या रांगेत एक जरी टेरिलीनचा सदरा दिसला असता तरी 1948 साल तिथंच मोडलं असतं.

एप्रिल 1983मध्ये बक्षीस जाहीर झालं तेव्हा समोर कोण होतं तेही भावजींना सांगा. 'ट्रॉन', ज्यात माणसांचे कपडे दिव्यासारखे उजळत होते. 'ला त्राव्हियाता', म्हणजे अख्खा ऑपेरा, रेशमात घोळलेला. ते सगळं मागं पडलं आणि आमच्या कोल्हापूरच्या भानूताईंना, जॉन मोलो यांच्यासह, ऑस्कर मिळालं. पुढं 2012मध्ये त्यांनी ती बाहुली सांभाळायला म्हणून अकादमीकडेच परत पाठवली. रवींद्रनाथांचं नोबेल पदक 2004मध्ये शांतिनिकेतनातून चोरीला गेलं होतं, त्याची धास्ती त्यांच्या मनात होती. कापडाचं काम करणारी बाई. कसर कुठून लागते, ते तिला बरोबर ठाऊक.

आता माझं गाऱ्हाणं. एका नाट्यस्पर्धेत आमच्या नाटकात एक मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर असलेली, बाई होती, विधवा, दुसऱ्याच्या शेतात राबणारी. तिच्यासाठी मी एक नववारी आठ दिवस विहिरीवरच्या दगडावर धुतली, सोडा घालून. मग मधोमध फाडली आणि जुन्या बायका घालायच्या तसा दंड घातला, म्हणजे तुकडे पुन्हा जोडले, हातशिलाईनं. काठाकडची वीतभर साडी तांबड्या मातीच्या पाण्यात दोन रात्री बुडवून ठेवली, कारण शेतातून येणाऱ्या बाईचा रंग खालून चढतो. परीक्षकांच्या शेऱ्यात आलं : 'वेषभूषेवर मेहनत घेतलेली दिसत नाही.' बक्षीस गेलं भाड्यानं आणलेल्या जरीच्या शेल्यांना. साडी अजून ट्रंकेत आहे, डांबरगोळ्यांत. शेरा लिहिलेला कागदही तिच्याच घडीत.

पैज तुम्ही जिंकलात, वहिनी. किती रुपयांची, ते मात्र लिहिलं नाहीत.

सासूबाई म्हणतात, जी बाई पडद्यावर दहा मिनिटंसुद्धा दिसत नाही तिला अभिनयाचं बक्षीस म्हणजे पैशांची उधळपट्टी. मी म्हणते, मिनिटं कसली मोजता? — एक सून, मडगाव

सासूबाईंपुढे मान तुकवा, पण मत बदलू नका. 'नेटवर्क'मध्ये बिएट्रिस स्ट्रेट पडद्यावर जेमतेम पाच मिनिटं आहे, 'शेक्सपिअर इन लव्ह'मध्ये ज्यूडी डेंच आठेक मिनिटं. दोघींना सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. स्ट्रेटबाईचा तर खरा असा एकच प्रसंग : नवरा दुसरीकडे गुंतल्याचं सांगतो आणि ती स्वयंपाकघरापासून दिवाणखान्यापर्यंत त्याला उभा-आडवा घेते. सासूबाईंना एवढंच दाखवा, दुपारी जेवण झाल्यावर. पैसे वसूल म्हणतील. (उधळपट्टी म्हणायला ऑस्करमध्ये बाहुलीबरोबर रोख काही देतच नाहीत.)

आमच्या बाजारात झाडून सगळे म्हणत होते अमुक चित्रपटच पहिला येणार. आला भलताच. मतमोजणीत काळंबेरं असतं का? — एक दुकानदार, फोंडा

काळंबेरं नाही, पण हिशेब वेगळा आहे. समजा, तुमच्या घरी नऊ माणसं आणि रविवारचं जेवण ठरवायचंय. चौघांना शागोती हवी, तिघांना बांगड्याचं हुमण, दोघांना खतखतें. आपल्या निवडणुकीच्या पद्धतीनं शागोती जिंकली. ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपट असा निवडत नाहीत. प्रत्येकानं एकच नाव न लिहिता क्रम लावून द्यायचा. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नाहीत म्हटल्यावर सर्वांत मागचं, म्हणजे खतखतें, बाद. त्या दोघांच्या चिठ्ठीवर दुसरं नाव काय? हुमण. झाले पाच. शागोती चारावरच राहिली आणि तुमचे चौघे उपाशी नसले तरी फुगलेले.

तुमच्या बाजाराचा लाडका चित्रपट ही शागोती असणार. ज्यांना आवडला त्यांना जीव जाईतो आवडला, बाकीच्यांनी तळाला टाकला. ही रीत फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपटाला. नट, नटी, कपडे, गाणी यांना सरळ एक माणूस एक मत. आणि 98व्या सोहळ्यापासून नियम आला आहे की ज्या विभागात मत द्यायचं त्यातले सगळे चित्रपट आधी बघायचे. म्हणजे सत्त्याण्णव वेळा बहुतेक विभागांत न बघताही चालत होतं! आमच्याकडे नाटकाच्या परीक्षकाला डुलकी लागली तरी दुसऱ्या दिवशी गावभर होतं.

लाल गालिच्यावरचे ते झगे नटींचे स्वतःचे असतात का? — एक शिवणक्लासवाली, वास्को

बहुतेक उसने. आणायचे, घालायचे, परत करायचे. ड्रेपरीवाल्याची पेटी म्हणा. आमच्या पेटीला घामाचा वास यायचा, एवढाच फरक.

ऑस्करचं एवढं कौतुक, आणि आपल्या मराठीला बक्षीस मिळालं की चार ओळींत बातमी. — एक निवृत्त शिक्षक, डिचोली

गुरुजी, खरं आहे. 1954 साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं ते अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. 71व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला तोही 'श्यामची आई'च, सुजय डहाके यांचा नवा. मला त्यातली एक गंमत सांगायची आहे. नवा चित्रपटही कृष्णधवल आहे. कृष्णधवलमध्ये तांबडं लुगडं आणि हिरवं लुगडं पुष्कळदा एकाच करड्या रंगाचं दिसतं. तिथं रंगावर निभावत नाही, पोत बघावा लागतो : जाडंभरडं कापड प्रकाश गिळतं, रेशीम परत फेकतं. पुन्हा बघाल तेव्हा चेहरे सोडून पदर बघा. तुमचे विद्यार्थी वेड लागलं म्हणतील, म्हणू देत.

ताई, नोव्हेंबर लांब आहे, पण यंदा इफ्फीला, म्हणजे पणजीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, पहिल्यांदाच प्रतिनिधी म्हणून जाणार आहे. उद्घाटनाला कुणबी साडी नेसू का? मैत्रिणी म्हणतात ती फॅशन झाली. — एक कॉलेजकन्यका, म्हापसा

नेस गे बाय, पण काय नेसतेस ते जाणून नेस. कुणबी साडी हा शेतात वाकून काम करणाऱ्या बाईचा कपडा. आखूड, तांबड्या चौकड्यांची, आणि पदराची गाठ खांद्यावर मारलेली, कारण लावणी करताना पदर सावरायला हात मोकळा नसतो. कोलवाळच्या वेंडेल रॉड्रिक्सनी ती पुन्हा विणून घेतली आणि फॅशनच्या मंचावर नेली, त्याचे उपकार आहेतच. पण आज दुकानात मिळते ती बहुतेक लांबरुंद सहावारी, फक्त चौकडी कुणबी. तीही वाईट नाही. फक्त तिच्यावर झगमगीत ब्लाउज घालून 'आमची परंपरा' म्हणून फोटो टाकू नकोस. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईकडे जाऊन गाठ कशी मारतात ते शिकून घे. ती आधी हसेल, मग दोनदा सोडून दाखवील.

इफ्फी 2004पासून आपल्याकडे आहे, तेव्हापासूनचा अनुभव सांगते. गालिच्यावर पाच मिनिटं, रांगेत पाच तास. पणजीत दुपारी घाम फुटतो आणि आयनॉक्समध्ये शिरलं की एसीनं दात वाजतात, म्हणून शाल हवीच. उंच टाचा नकोत. जुन्या जीएमसीकडून, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या जुन्या इमारतीकडून, कला अकादमीपर्यंत मांडवीच्या काठानं चालत जायचंय आणि पुढचा खेळ तुझ्यासाठी थांबणार नाही.

पिना? सहावारीला तीन पुरतात, गाठ नीट जमली तर एकही नको. तरी एक पर्समध्ये ठेव, रांगेत कुणाला तरी लागतेच.