मिस्टरांची ती गोळी बाईने घेतली तर चालते का?

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांना डॉक्टरांनी सिल्डेनाफिल ५० (व्हायग्रात असतं तेच औषध, पुरुषाला ताठरता येत नसेल तर देतात ते) लिहून दिली आहे, पाळी जायच्या वयात तुमची स्वतःची इच्छा कमी झाली आहे, तर त्यांच्याच पाकिटातली अर्धी गोळी तुम्ही घेतली तर अपाय होईल का. माझं कोल्हापुरात राजारामपुरीत मेडिकल आहे आणि औषधांचंच शिक्षण घेतलंय, म्हणून स्पष्ट सांगते. घेऊ नका. बाईच्या अंगाला ही गोळी चालतच नाही, असं मात्र अजिबात नाही.

सिल्डेनाफिल आणि तिच्याच जातीची टाडालाफिल या गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात. पीडीई-५ नावाचं एन्झाइम या गोळ्या अडवतात, आणि हे एन्झाइम बाईच्या शरीरातही असतं, फुफ्फुसांत तर भरपूर. सिल्डेनाफिलवर सुरुवातीचं काम छातीत कळ येण्याच्या त्रासासाठी चाललं होतं. पुरुषांच्या तक्रारीसाठी अमेरिकेत १९९८ मध्ये परवानगी मिळाली आणि २००५ मध्ये फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचं प्रेशर वाढण्याच्या आजारासाठी. हा आजार बायकांनाच जास्त होतो. त्यात सिल्डेनाफिल २० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा किंवा टाडालाफिल ४० मिलिग्रॅम रोज एकदा देतात, तेही वर्षानुवर्षं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

हे मुद्दाम सांगते, कारण लाजेपायी इथे नुकसान होतं. हुपरीकडचा एक मुलगा आईची चिठ्ठी घेऊन दुकानात आला होता. मोबाईलवर गोळीचं नाव शोधल्यावर त्याने ती आईला द्यायचीच थांबवली होती. घरात कुणी पाकीट बघितलं तर काय म्हणेल, ही भीती. आईला जिना चढवत नव्हता, ओठ निळे पडत होते. मी काउंटरवरूनच त्याला डॉक्टरांना फोन लावायला लावला. तुमच्या ओळखीत कुणा बाईला छातीच्या डॉक्टरांनी ही गोळी दिली असेल तर ती मनाने बंद करू नका, तिचा श्वास त्यावर चालतो.

आता तुमचं. ही गोळी इच्छा जागवत नाही, पुरुषातही नाही. ती रक्तपुरवठा वाढवते, बस्स. फायझर कंपनीने सुमारे ३,००० बायकांवर चाचण्या करून पाहिल्या आणि ठोस फायदा दिसेना म्हणून २००४ मध्ये तो नाद सोडला. डिप्रेशनच्या गोळ्यांमुळे त्रास झालेल्या काही बायकांना उपयोग झाल्याचा एक छोटा अभ्यास आहे, पण तो डॉक्टरांनी बघायचा विषय आहे. म्हणजे तुमच्या वाट्याला डोकेदुखी, चेहरा तापणं, नाक चोंदणं, अ‍ॅसिडिटी, कधी नजरेला निळसर झाक एवढंच येण्याची शक्यता जास्त.

खरा धोका दुसऱ्या औषधांबरोबर आहे. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट किंवा तिच्या जातीचं कुठलंही नायट्रेट चालू असेल तर बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर चक्कर येते. आणि हे कुणी सांगत नाही: नायट्यासाठी घरोघरी घेतात ती इट्राकोनाझोल सिल्डेनाफिलचं रक्तातलं प्रमाण वाढवते. क्लॅरिथ्रोमायसिनचंही तेच. तुम्ही सध्या काय काय घेताय, हे मिस्टरांच्या डॉक्टरांना ठाऊक नाही. त्यांनी बीपी आणि हृदय बघितलं ते मिस्टरांचं.

गरोदर बाईने तर स्वतःहून हात लावू नये. पोटात बाळ वाढत नाही म्हणून सिल्डेनाफिल देऊन बघणारी नेदरलँड्समधली चाचणी, काही नवजात बाळं फुफ्फुसांच्या त्रासाने दगावल्यावर, २०१८ मध्ये थांबवावी लागली. 'आयुर्वेदिक, नैसर्गिक' म्हणून ऑनलाइन मिळणारी जोश वाढवायची पावडरही नको. अशा मालात सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेलं पुष्कळदा सापडलंय.

तुम्ही स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. खासगी परवडत नसेल तर सीपीआर या सरकारी दवाखान्यात जा. तिथे 'इच्छा होत नाही' एवढंच सांगून गप्प बसू नका. संबंधाच्या वेळी दुखतं का, कोरडेपणा आहे का, झोप लागते का, डिप्रेशनची किंवा बीपीची गोळी चालू आहे का, सगळं बोला. या वयात कोरडेपणाच मूळ असतो असं पुष्कळदा निघतं, आणि त्याला लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. दुखत असेल तर मन मागे हटणारच, त्यात तुमचा काही दोष नाही.

आणि समजा हे वाचायच्या आधीच गोळी घेतली असेल, तर घाबरू नका, पण एकट्या राहू नका. छातीत दुखलं, भोवळ आली, नजर अचानक गेली, तर लगेच दवाखाना गाठा आणि कितीही संकोच वाटला तरी कोणती गोळी कधी घेतली ते तिथे सांगा. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत, आणि छातीत दुखतंय म्हटल्यावर तिथला डॉक्टर पहिल्यांदा तेच द्यायला जाईल.