१७ सप्टेंबरच्या झेंड्याविषयी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजारोहण यंदा शाळेने तुझ्यावर सोपवलं, हे ऐकून फार बरं वाटलं. भाषणांची काळजी करू नकोस, ती करणारे पुष्कळ आहेत. तू दोरी बघ.

आपल्याकडे हा दिवस पावसाळ्यात येतो. सुताची दोरी भिजली की फुगते आणि गाठ आवळते. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी हेच झालं. पाहुण्यांनी तीनदा हिसका दिला, झेंडा उघडेना. शेवटी खाली घेऊन गाठ सोडवली. पहिल्या रांगेत एक वृद्ध स्वातंत्र्यसैनिक काठी टेकून उभे होते, सगळा वेळ नजर वर लावून. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाच्याच राज्यात राहिला. तिरंगा लावला म्हणून इथली माणसं तुरुंगात गेली. १७ सप्टेंबर १९४८ उजाडेपर्यंत तेरा महिने वाट पाहिलेल्या माणसाला मी पुन्हा ताटकळत ठेवलं. ते अजून सलतं.

म्हणून आदल्या दिवशी खऱ्या झेंड्याची, फुलांच्या पाकळ्यांसकट घडी बांधून चार वेळा उघडून बघ. नुसत्या दोरीवरची तालीम काही कामाची नाही. सुरगाठ एकच दे, सुटं टोक वीतभर ठेव. भीतीपोटी दुसरा वेढा दिलास की फसलीस म्हणून समज. केशरी पट्टा वर आहे ना, हे बांधताना तू बघ आणि दुसऱ्या कुणाला तरी बघायला लाव. वरच्या कप्पीला तेल सोड.

झेंडा झपकन चढवायचा, उतरवताना मात्र सावकाश. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं. पोरांकडून ठाय लयीत रेंगाळू देऊ नकोस. झेंडा नवा घ्यायचा असेल तर नांदेडच्या खादी समितीत खादीचा मिळतो, थोडा महाग पडला तरी तोच घे.

कार्यक्रम संपला की मैदानात पडलेले कागदी झेंडे पोरांकडून वेचून घे, पायदळी एकही राहू देऊ नकोस. आणि संध्याकाळी झेंडा उतरवायला शिपायावर सोडून घरी जाऊ नकोस. ओला असला तर वर्गात दोरीवर वाळव, मगच घडी घाल. ओलाच पेटीत ठेवलेला झेंडा मी २६ जानेवारीला उघडून पाहिलाय, पांढऱ्या पट्ट्यावर चक्राभोवती बुरशीचे काळे ठिपके पडले होते.

तुझे,
जुने सर