तुरुंगातील शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षण: अपुरा निधी आधी कशावर खर्च करावा?

आपला प्रश्न असा आहे की तुरुंगातील शिक्षणासाठी मिळणारा निधी नेहमीच अपुरा असतो, तर साक्षरता वर्ग, कार्यशाळा, संगणक कक्ष आणि पदवीचे अभ्यासक्रम यांपैकी आधी कशाला पैसे द्यावेत. माझ्या मते पहिला हक्क वाचन, लेखन आणि व्यवहारातले गणित शिकवणाऱ्या कायम शिक्षकांचा आहे, दुसरा सुटकेच्या आधीच्या आणि नंतरच्या काही महिन्यांचा, आणि यंत्रसामग्रीचा क्रमांक त्यानंतर लागतो. प्रत्यक्षात हा क्रम अनेकदा उलटा दिसतो, कारण नव्या कार्यशाळेचे उद्घाटन करता येते, शिक्षकाच्या पगाराचे करता येत नाही.

मुळात हा खर्च करावाच का, याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये तोपर्यंतच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा शिक्षण घेतलेल्या कैद्यांचे पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे १३ टक्के-बिंदूंनी कमी आढळले, आणि शिक्षणावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे पुढील तीन वर्षांत पुन्हा तुरुंगात ठेवण्याच्या खर्चातून चार ते पाच डॉलर वाचतात असा अंदाज निघाला. याच अहवालातील ४३ टक्क्यांचा आकडा अधिक प्रसिद्ध आहे, पण तो शक्यतांच्या गुणोत्तराचा, म्हणजे पुन्हा गुन्ह्याकडे वळणारे आणि न वळणारे यांच्या प्रमाणाच्या तुलनेचा आहे, आणि तो ‘शंभरातले त्रेचाळीस सुधारले’ असा वाचणे चुकीचे ठरते. शिवाय वर्गाला स्वतःहून येणारा माणूस बहुधा आधीच बदलायला तयार असतो, ही शंका अशा प्रत्येक अभ्यासाबाबत मनात ठेवावी लागते. तरीही परिणाम याच्या निम्मा धरला, तरी हिशेब तोट्याचा होत नाही.

साक्षरतेला मी पहिले स्थान देतो, त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. ज्याला विद्युत जोडणीचा आराखडा वाचता येत नाही, मापे लिहिता येत नाहीत किंवा रसायनाच्या डब्यावरची सुरक्षेची सूचना समजत नाही, त्याला कोणत्याही व्यवसायाचे प्रशिक्षण दिले तरी तो मदतनीसच राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतील, म्हणजे कैद्यांना कसे वागवावे याच्या किमान नियमांतील, १०४वा नियम निरक्षर आणि तरुण कैद्यांचे शिक्षण अनिवार्य ठरवतो आणि प्रशासनाने त्याकडे विशेष लक्ष द्यावे असे सांगतो. या कामासाठी महागडे साहित्य लागत नाही. लागतो तो प्रौढांना शिकवण्याची सवय असलेला आणि वर्षानुवर्षे तिथेच टिकणारा शिक्षक. स्वयंसेवकांचा उपयोग नक्कीच होतो आणि शिकलेल्या कैद्यांनी इतरांना शिकवण्याची पद्धत तर स्वस्तही आहे व दोघांनाही लाभदायक आहे, पण या दोन्ही गोष्टी पगारी शिक्षकाच्या आधाराने चालतात, त्याच्या जागी नव्हे. दुसऱ्या तुरुंगात बदली झाली की कैद्याचा अभ्यासही तिथेच तुटतो. म्हणून त्याने काय शिकले याची नोंद त्याच्याबरोबर पुढे जाईल, एवढी व्यवस्था याच निधीतून व्हायला हवी.

येथे एक खर्च हमखास विसरला जातो, तो म्हणजे शिकणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचा. स्वयंपाकघरात किंवा कारखान्यात काम केल्यास चार पैसे मिळत असतील आणि वर्गात बसल्यास काहीच मिळत नसेल, तर घरी पैसे पाठवू पाहणारा माणूस वर्ग सोडणारच. अभ्यासाच्या तासांना कामाइतकाच मोबदला देणे हा एक उपाय झाला. ब्राझीलने वेगळा मार्ग घेतला असून तेथे १२ तासांच्या अभ्यासामागे शिक्षेतील एक दिवस कमी होतो. कोणतीही पद्धत घ्या, पण तिची तरतूद केल्याशिवाय नवे वर्ग मंजूर करू नयेत.

व्यवसाय प्रशिक्षणाबाबत माझे मत थोडे कठोर आहे. तुरुंगाला लागणाऱ्या वस्तू तुरुंगातच बनवून घेणे यात गैर काही नाही, पण त्याला प्रशिक्षणाचे नाव देऊन त्यावर शिक्षणाचा निधी खर्च करणे मला मान्य नाही. मंडेला नियमांनीही कैद्यांचे हित आणि त्यांचे प्रशिक्षण उद्योगाच्या नफ्याखाली दाबले जाऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. एखाद्या कार्यशाळेला पैसे देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: या कामाला बाहेर खरोखर मागणी आहे का, आणि शिक्षा भोगलेल्या माणसाला ते करण्याचा परवाना मिळतो का? दुसरा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे कॅलिफोर्नियात दिसले. तेथे कैदी अनेक दशके वणवे विझवण्याचे अवघड काम करत आले, पण सुटकेनंतर अग्निशमन दलातील बहुतेक नोकऱ्यांसाठी लागणारे आपत्कालीन वैद्यकीय मदतनीसाचे प्रमाणपत्र मिळवताना त्यांची शिक्षाच आडवी येत असे. अखेर २०२० मध्ये कायदा करून अशा कैद्यांना आपली दोषसिद्धी पुसून टाकण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची वाट द्यावी लागली. जिथे असा अडसर आहे, तिथे आधी नियम बदलून घ्यावा किंवा दुसरा व्यवसाय निवडावा.

प्रमाणपत्र कोण देते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. नॉर्वेमध्ये तुरुंगातील शाळा बाहेरच्या नेहमीच्या शिक्षणव्यवस्थेकडून चालवल्या जातात आणि शिक्षक तुरुंग खात्याचे नोकर नसतात. त्यामुळे अभ्यासक्रम बाहेरचाच असतो आणि अर्धवट राहिलेले शिक्षण सुटकेनंतर पुढे चालू ठेवणे सोपे जाते. निधी तुरुंग खात्याऐवजी शिक्षण खात्यामार्फत देण्याचा हा मोठा फायदा आहे. पदवीच्या अभ्यासक्रमांनाही मी हाच न्याय लावेन: ते हवेतच, पण त्यांचा पैसा तुरुंगाच्या तुटपुंज्या तरतुदीतून न घेता सर्व विद्यार्थ्यांसाठी असलेल्या शिष्यवृत्त्यांतून यावा. मात्र अशा शिष्यवृत्तीला कायद्याचे संरक्षण लागते. अमेरिकेने १९९४ मध्ये कैद्यांची पेल अनुदाने, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी मिळणारी सरकारी मदत, बंद केली, तेव्हा तुरुंगांतील बहुतेक महाविद्यालयीन अभ्यासक्रम काही वर्षांतच बंद पडले, आणि ही पात्रता पूर्णपणे परत मिळण्यास जुलै २०२३ उजाडला.

सुटकेच्या टप्प्यावर लागणारी रक्कम लहान असते, पण तिच्याअभावी आधीचा सगळा खर्च वाया जाऊ शकतो. ओळखपत्र, बँक खाते, हातात पडलेले मूळ प्रमाणपत्र, सुटकेपूर्वीच झालेली एखादी मुलाखत, कामाची प्राथमिक हत्यारे आणि पहिले काही महिने ज्याला फोन करता येईल असा नेमलेला माणूस, एवढ्याची तरतूद प्रत्येक अभ्यासक्रमाच्या अंदाजपत्रकातच असावी. संगणकांबद्दल एवढेच म्हणेन की इंटरनेटशिवाय चालणारे साहित्य आणि शिकवणारा माणूस ठरलेला असल्याखेरीज ते घेऊ नयेत.

कच्च्या कैद्यांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. त्यांचा मुक्काम किती दिवसांचा हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे वर्षभराच्या अभ्यासक्रमात त्यांना घालण्यात अर्थ नसतो. पण ‘ते केव्हाही जातील’ म्हणून त्यांना वगळणेही चूक आहे, कारण खटले रखडतात तिथे हा काळ वर्षांचा होतो. त्यांच्यासाठी काही आठवड्यांचे, एकावर एक रचता येणारे छोटे भाग आखावेत आणि प्रत्येक भागाचे स्वतंत्र प्रमाणपत्र द्यावे.

शेवटचा मुद्दा मोजमापाचा. निधीचा थोडा भाग सुटकेनंतर माणूस कामावर टिकला का, हे पाहण्यासाठी बाजूला ठेवावा. वाटलेल्या प्रमाणपत्रांची संख्या काहीच सांगत नाही. मात्र संस्थांचे पैसे थेट या निकालांशी बांधले, तर त्या आधीच शिकलेले आणि कमी शिक्षेचे कैदी निवडू लागतील, आणि ज्याला वाचता येत नाही तो पुन्हा वर्गाबाहेर राहील. म्हणून प्रवेशाच्या वेळची पातळी नोंदवून तिथून झालेली प्रगती मोजावी, आणि निरक्षर कैद्यांसाठी जागा व पैसा आधीच राखून ठेवावा.