नावडता पुढारी पडला की आनंद होतो, हे चूक आहे का?

तुम्ही विचारलंय की, आपला माणूस निवडून आल्यापेक्षा नावडता पुढारी पडल्याचा, त्याच्या बगलबच्च्यांची तोंडं पडल्याचा आनंद तुम्हाला जास्त होतो, तर हे चूक आहे का, आपल्यात काही बिघडलंय का, हा आनंद किती दिवस पुरतो आणि ही सवय घालवायची कशी. घालवायची कशाला? मला तर अजून २४ ऑक्टोबर २०१९ ची दुपार आठवली तरी बरं वाटतं.

आम्ही ऊसकरी. दोन एकर आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस, ८६०३२ जातीचा, जुलै २०१७ ची लागण. डिसेंबर २०१८ पर्यंत तुटून जायला पाहिजे होती. त्या सप्टेंबरात कारखान्याच्या वार्षिक सभेत आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभं राहून वजनकाट्याबद्दल आणि दराबद्दल दोन प्रश्न विचारले. शिवी नाही, घोषणा नाही. दोन प्रश्न. चेअरमननी स्टेजवरून हसत उत्तर दिलं, टाळ्या घेतल्या आणि त्या वर्षी आमच्या उसाला तोड, म्हणजे कापणीची पाळी, मिळेना.

आमच्या मागून नोंद असलेला बांधाशेजारचा ऊस गेला. वरच्या अंगाचा गेला. चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, आमच्याच गल्लीतला. रोज सकाळी दारावरनं मोटरसायकल घेऊन जायचा. आण्णा कट्ट्यावर बसून विचारायचे, "आमचं कधी रं?" तो गाडी न थांबवता म्हणायचा, "बघू आण्णा, पुढच्या आठवड्यात." डिसेंबरात तुरे आले. फेब्रुवारीत मी एक कांडं मोडून बघितलं तर आत पांढरी दशी, चोखलं तर तोंडात नुसता कापूस. लोक म्हणाले, पेटवा आणि जळीत म्हणून घाला. आण्णांनी ऐकलं नाही. मार्चच्या शेवटी तोडणीची टोळी आली, तीही एकरी पाच हजार खुशाली, म्हणजे वरचे पैसे, मोजल्यावर. साठ टन एकरी धरला होता, त्रेचाळीस भरला.

बिल आलं गणपतीत. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. आम्हाला पाच महिन्यांनी नुसतं मुद्दल मिळालं. व्याजाचा रुपया आजपर्यंत दिसलेला नाही.

मधेच २३ मे आला. हातकणंगल्यात राजू शेट्टी पडले, जवळपास ९६ हजारांनी. आमचा तालुका त्यांच्या मतदारसंघात नाही, पण एफआरपीसाठी रस्त्यावर बसणारा, दोन वेळा खासदार झालेला माणूस पडला म्हणजे उसाचं बोलणारं दिल्लीत कोण राहिलं, या विचारानं आमच्या घरात जेवण गेलं नाही. आणि चावडीपुढं कारखान्याची माणसं फटाके उडवत होती. त्यातल्या एकानं आण्णांच्या हातात पेढा ठेवला, "घ्या आण्णा, तोंड गोड करा." आण्णांनी घेतला. खाल्ला नाही, टाकलाही नाही. रात्री सदरा धुवायला काढताना आईला खिशात तो कागदासकट चेपलेला सापडला.

तर ऑक्टोबरात विधानसभेला आमचे चेअरमन पडले तेव्हा मी नाचलो. निवडून कोण आला याच्याशी मला फारसं देणंघेणं नव्हतं, त्याचं नावही मी ओरडलो नाही. फेरीमागून फेरी चेअरमन मागे पडत होते आणि मोबाईलवर आकडा बघून मला पोटातून हलकं हलकं वाटत होतं. तुम्हाला जे वाटतं ना, ते हेच. त्यात काडीचंही पाप नाही. तुमचं आमचं देणं कुठल्या कोर्टात वसूल होत नाही. साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे कारखान्याकडून महसुली वसुलीची नोटीस, काढतात, तीही काढून पडून राहते. पाच वर्षांत एक दिवस असा येतो की ज्यानं तुमचा ऊस वाळवला त्याला लोकांपुढं मान खाली घालावी लागते. त्या दिवशीचा आनंद हेच आमचं व्याज.

माझा थोरला भाऊ शिक्षक आहे. त्याला हे पटत नाही. त्या संध्याकाळी त्यानं फोन करून मला ऐकवलं, "दुसऱ्याच्या पडण्यावर हसणं हे आपले संस्कार नव्हेत. मरणान्तानि वैराणि." दादा, रामानं ते बिभीषणाला रावण मेल्यावर सांगितलंय, आधी नाही. आणि तुझा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यावर येतो. तो पाच महिने कुणी अडवला असता, आणि अडवणारा तुझ्या दारावरनं रोज गाडीनं गेला असता, तर तुझं संस्कृत किती टिकलं असतं ते मला बघायचं होतं. हे मी तेव्हा बोललो नाही, म्हणून आता लिहितो.

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर मी खोटा ठरेन. तुमच्या प्रश्नात "त्याच्या बगलबच्च्यांची" असा शब्द आहे, माझं घोडं तिथंच अडलंय.

त्या संध्याकाळी आम्ही दहा-बाराजण गुलाल घेऊन निघालो. तीन दिवसांवर लक्ष्मीपूजन, फटाक्यांना तोटा नव्हता. चेअरमनच्या बंगल्यापुढं पोलिसांची गाडी उभी होती, म्हणून तिकडं कुणी गेलं नाही. गेलो ते चिटबॉयच्या दारात. हजाराची माळ मी माझ्या हातानं त्याच्या उंबऱ्यापुढं पसरली आणि पेटवली. गोठ्यात गाभण म्हैस होती, ती बिथरून दावं तोडून बाहेर आली आणि गटारीच्या कडेला पाय घसरून बसली. चिटबॉय घरात नव्हता. त्याची म्हातारी आई धुरातनं बाहेर आली. शिव्या देईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुमचं आलं, बरं झालं बाबानू. पर आमच्या दारात कशाला रं? त्यो काय चेरमन हाय?" मग आम्हीच चौघांनी म्हशीच्या पोटाखाली गोणपाट घालून तिला उठवली. म्हैस वाचली. माझ्या हाताला गुलाल आणि शेण दोन्ही लागलं होतं.

आणि पुढं काय झालं? २३ नोव्हेंबरला पहाटेचा शपथविधी झाला, मग २८ तारखेला शिवाजी पार्कवर दुसरा. ज्याला पाडलं आणि ज्यानं पाडलं, ते दोघं महिनाभरात एकाच सरकारच्या बाजूचे झाले. तालुक्यातल्या एका उद्घाटनाला शेजारी शेजारी खुर्चीत बसलेले मी बघितले. जून २०२२ मध्ये परत वाटण्या झाल्या, २०२३ मध्ये आणखी झाल्या. वरची माणसं किती वेळा कुठल्या मांडवात गेली याचा हिशोब मी सोडून दिला. चिटबॉय मात्र तिथंच, त्याच गल्लीत आहे, आणि सहा महिने आमच्या घरचं हळदीकुंकूसुद्धा त्याच्या घरात बंद होतं.

म्हणून माझं म्हणणं असं की आनंद पुढाऱ्याच्या पडण्याचा घ्या, पोटभर घ्या. त्याच्या चिटबॉयचा, बूथवर बसणाऱ्या पोराचा, पतसंस्थेतल्या शिपायाचा घेऊ नका. त्यानं वरून आलेली यादी वाचून दाखवली. यादी त्यानं केली नव्हती. (दादा, तुझं एवढं बरोबर होतं. एवढंच.)

धाडी पडल्या की नाचणाऱ्यांचंही मला कळत नाही. मतपेटीतून पडलेला माणूस लोकांनी पाडलेला असतो. धाड पडलेला उद्या पक्ष बदलून तुमच्याच स्टेजवर येतो, मग तुम्ही हार घालणार. आजारपण, मयत, पोराबाळांचं काही, याचा आनंद होत असेल तर मात्र तुम्ही म्हणता तसं काहीतरी बिघडलेलं आहे, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

आनंद किती दिवस पुरतो, हेही विचारलंय तुम्ही. फार नाही. आण्णा सांगतात, १९७७ ला रायबरेलीत इंदिराबाई ५५ हजारांनी पडल्या तेव्हा गावात रेडिओभोवती पेढे वाटले होते, आणि १९८० च्या जानेवारीत वाटणारेच घरात बसले. आपल्याकडे तर २०२४ च्या जूनमध्ये आघाडीला ४८ पैकी ३० जागा आल्या म्हणून नाचणाऱ्यांना नोव्हेंबरात महायुतीच्या तीन पक्षांच्या मिळून २३० बघाव्या लागल्या. सहा महिनेसुद्धा धड झाले नव्हते.

चिटबॉय आता बोलतो. गेल्या हंगामात आमचा खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून परत आलेला ऊस, वेळेत तुटला. त्यानं कट्ट्यापाशी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि आण्णांना तारीख सांगितली. त्या माळेबद्दल तो एक शब्द बोलला नाही आणि माझीही अजून जीभ उचललेली नाही.