वाचकांचे प्रश्न : ‘प्रभात’ची घडण आणि मोड

‘प्रभात फिल्म कंपनी’विषयी वेगवेगळ्या गावांहून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ‘प्रभात’ ही व्ही. शांतारामांची कंपनी, असंच आम्ही ऐकत आलो. मग दामले-फत्तेलाल कोण? तिथे नोकरीला होते का? (इचलकरंजी)

उत्तर : नोकर मुळीच नव्हते. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ही कंपनी निघाली ती पाच जणांच्या भागीदारीत : विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर, व्ही. शांताराम आणि सीताराम कुलकर्णी. पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले होते. कुलकर्णी सराफ होते, पैशाची बाजू त्यांच्याकडे होती.

कामाची वाटणी पाहिली की ‘प्रभात’ कळायला लागते. शांताराम दिग्दर्शनाचं बघत, धायबर कॅमेऱ्याचं. फत्तेलालांकडे नेपथ्य आणि वेशभूषा होती. दामल्यांकडे यंत्रं होती आणि बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणही. सेटवर खांब कुठे उभा करायचा आणि माइक कुठे टांगायचा, हे ठरवणारी माणसंच कंपनीची मालक होती. त्यामुळे एखादी गोष्ट करून बघायला वरून परवानगी आणावी लागत नसे. ‘प्रभात’च्या पडद्यावर जी सफाई दिसते तिचं मूळ इथे आहे. श्रेय एकट्या शांतारामांच्या पदरात टाकणं आम्हाला अन्यायाचं वाटतं.

प्रश्न : तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, तर गाणी कशी घेत? आणि तोच चित्रपट हिंदीतही निघत असे, तो डब करून का? (नाशिक)

उत्तर : डबिंग नव्हे. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) पासूनच मराठी आणि हिंदी आवृत्त्या वेगवेगळ्या चित्रित होत. सेट तोच आणि प्रकाशयोजनाही तीच असायची. एका भाषेतला शॉट पुरा झाला की दुसऱ्या भाषेतला घ्यायचा. पुष्कळदा नटही तेच असत, पण नेहमी नाही. ‘अमृतमंथन’ (१९३४) मधला राजगुरू मराठीत केशवराव दाते यांनी केला, हिंदीत चंद्रमोहन यांनी. दोन्ही आवृत्त्या पाहायला मिळाल्या तर एकापाठोपाठ पाहा. एकाच प्रसंगाचा वेग नटागणिक कसा बदलतो ते स्पष्ट दिसतं.

गाणं सेटवरच, कॅमेरा चालू असताना म्हटलं जाई. वादक कॅमेऱ्याच्या चौकटीच्या अगदी कडेबाहेर बसत. माइक गाणाऱ्याच्या डोक्यावर, पण चौकटीच्या वर राहील असा टांगलेला असे. यात चुकण्याच्या जागा पुष्कळ होत्या. गाणाऱ्याने मान वळवली की आवाज पडतो. माइक खाली आला की त्याची सावली भिंतीवर येते. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिपट्टीत शिरते, म्हणून कॅमेऱ्याला आवाज कोंडणारं आवरण घालावं लागतं. तबल्याचा माइकपासूनचा तोल एकदा बिघडला तर नंतर दुरुस्त करता येत नाही, कारण गळा आणि साथ एकाच ध्वनिपट्टीवर उतरलेली असते. बोलपटाची ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. म्हणजे चार मिनिटांचं गाणं शेवटच्या ओळीत फसलं की ३६० फूट निगेटिव्ह वाया, आणि तोच धोका दुसऱ्या भाषेसाठी पुन्हा. त्या काळच्या गाण्यांत कॅमेरा फारसा हलत नाही आणि नट एका जागी उभे असतात, त्यामागे ही अडचण मोठी आहे.

प्रश्न : भारतातला पहिला रंगीत चित्रपट ‘प्रभात’चा की ‘किसान कन्या’? (नागपूर)

उत्तर : दोन्ही दावे आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘प्रभात’चा ‘सैरंध्री’ १९३३ चा, पण त्याच्या रंगीत प्रतींचं काम जर्मनीत झालं. १९३७ च्या ‘किसान कन्या’चं रंगाचं काम भारतातच झालं, म्हणून ‘पहिला देशी रंगीत’ हा मान त्याला देतात.

‘सैरंध्री’चे रंग मनासारखे उतरले नाहीत. त्या वेळच्या दुहेरी निगेटिव्हच्या पद्धतीत दोन फिल्मा तोंडाला तोंड लावून एकदम कॅमेऱ्यातून जात. पुढची फिल्म निळा-हिरवा प्रकाश टिपे, मागची तांबडा. छापताना एक चित्र नारिंगी-तांबड्यात आणि दुसरं निळसर-हिरव्यात उतरवून दोन्ही एकावर एक बसवत. केवळ दोन रंगांवर सगळा भार असल्यामुळे शुद्ध पिवळा किंवा जांभळा मिळतच नाही. मागच्या फिल्मवर प्रकाश पुढचीतून गाळून पोहोचतो, म्हणून तिचं चित्र मऊ पडतं आणि सेटवर दिवे बरेच वाढवावे लागतात. दोन चित्रं केसभर सरकली तरी कडांना रंगीत झालर दिसते. पौराणिक चित्रपटातल्या जरीला आणि शालूंना ही पद्धत पुरी पडणं कठीणच होतं. ‘प्रभात’ पुढे कृष्णधवलावरच राहिली आणि ते शहाणपणाचं झालं.

प्रश्न : ‘आधी बीज एकले’ हा अभंग गाथेत शोधला, सापडला नाही. कोणत्या प्रतीत आहे? (आळंदी)

उत्तर : कोणत्याच प्रतीत सापडणार नाही. तो तुकोबांचा अभंग नाही. ‘संत तुकाराम’ (१९३६) साठी शांताराम आठवले यांनी तो लिहिला आणि चाल केशवराव भोळे यांची. ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा त्यात नाही, यावरूनही ओळख पटते. पण रचना इतकी मुरलेली आहे, आणि विष्णुपंत पागनीसांनी ती अशी म्हटली आहे, की भले जाणकारही फसले.

याच चित्रपटाबद्दल आणखी एका वाचकांनी विचारलं आहे, की व्हेनिसचं पहिलं बक्षीस त्याला मिळालं होतं का. नाही. १९३७ च्या महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली, सर्वोच्च परदेशी पुरस्कार मात्र एका फ्रेंच चित्रपटाकडे गेला. दामले-फत्तेलालांच्या या कामाला बक्षिसाचा टेकू लागत नाही. मुंबईत तो एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला.

प्रश्न : इतकी भरभराट असताना कंपनी बंद का पडली? (पुणे)

उत्तर : एका कारणावर बोट ठेवता येत नाही. धायबर १९३६ च्या सुमारास बाहेर पडले. १९४२ मध्ये शांताराम गेले आणि त्यांनी मुंबईत ‘राजकमल कलामंदिर’ उभारलं. ज्या कंपनीत प्रत्येक भागीदार म्हणजे एक खातं, तिथून माणूस गेला की खातंच रिकामं होतं, आणि पगारी माणूस नेमून ती जागा भरत नाही. ‘रामशास्त्री’ (१९४४) चं उदाहरण पुरेसं आहे. राजा नेने, विश्राम बेडेकर आणि गजानन जागीरदार असे तीन हात दिग्दर्शनाला लागले. चित्रपट उत्तम झाला, पण घडी विस्कटल्याचं त्यातून दिसतंच. १९४५ मध्ये दामले वारले.

बाहेरचा काळही फिरला होता. युद्धामुळे कच्च्या फिल्मवर परवाना आला आणि लांबीला ११,००० फुटांची मर्यादा पडली, म्हणजे जेमतेम दोन तास. युद्धात कमावलेला पैसा घेऊन नवे निर्माते आले. ते नटांना चित्रपटागणिक मोठ्या रकमा देऊ लागले. मासिक पगारावर नट, वादक, सुतार, रंगारी सांभाळणाऱ्या ‘प्रभात’ला हे झेपणारं नव्हतं. चित्रपट निघो न निघो, पगार आणि वीज चालूच. ‘हम एक हैं’ (१९४६) मधून देव आनंद पुढे आले, गुरुदत्त इथेच उमेदवारी करत होते. दोघेही मुंबईला गेले. १९५०च्या दशकाच्या आरंभी दारं मिटली. कोल्हापूरहून कंपनी १९३३ मध्येच पुण्याला आली होती; तिथल्या स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये सरकारची फिल्म संस्था सुरू झाली.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत फिल्मचे डबे आणि ‘प्रभात’च्या गाण्यांच्या पुस्तिका सापडल्या. काय करावं? (सोलापूर)

उत्तर : आधी डबे. १९५०च्या आधीची ३५ मिलिमीटर फिल्म नायट्रेटची, म्हणजे भडकन पेटणारी, आहे असं धरूनच वागा. कडेला ‘सेफ्टी’ (सहज न पेटणारी फिल्म) छापलेलं असलं तरी पूर्ण भरवसा ठेवू नका, कारण प्रत काढताना निगेटिव्हच्या कडेची अक्षरंही उमटू शकतात. तुकडा जाळून पाहण्याची जुनी युक्ती अजिबात करू नका. नायट्रेट स्वतःच्याच प्राणवायूवर जळते, पाण्याने विझत नाही. कुजत आलेली रीळ ४० अंशांच्या आसपास बराच वेळ राहिली तर आपोआप पेटू शकते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात हे सहज घडण्यासारखं आहे. २००३ मध्ये पुण्यात फिल्म संस्थेच्या आवारात लागलेल्या आगीत नायट्रेटवरचे कितीतरी जुने चित्रपट गेले, त्यांत ‘प्रभात’चेही होते.

डबा उघडायचा तर घराबाहेर सावलीत, जवळ कुणी विडी ओढत नाही हे पाहून. चित्र पिवळसर होऊन फिकटलं असेल तर कुजण्याची सुरुवात आहे. वेटोळी चिकटली असतील, फेस आला असेल किंवा तपकिरी भुकटी झाली असेल, तर उलगडू नका. झाकण घट्ट दाबून बसवू नका, वायू बाहेर पडू द्या. ट्रंकेतून काढून घरातल्या सर्वांत थंड, हवेशीर जागी, देवघर आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. टपालाने किंवा एसटीने पाठवू नका. डब्यांचे आणि कडेच्या अक्षरांचे फोटो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पाठवा आणि ने-आण त्यांच्या सल्ल्यानेच करा. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्म बहुधा नंतरच्या ॲसिटेटची आहे. ती अशी पेटत नाही, पण आक्रसते, आणि शेजारच्या चांगल्या रिळांनाही खराब करते, म्हणून वेगळी ठेवा.

पुस्तिकांना लॅमिनेशन नको आणि चिकटपट्टीही नको. गंजलेल्या पिना बोथट सुरीने हळूच उघडून काढा, पानं आम्लरहित कागदात आडवी ठेवा. फोटो घेताना शेवटचं पान सोडू नका. छापखान्याचं नाव पुष्कळदा तिथेच असतं, आणि पुस्तिका कोणत्या आवृत्तीची हे ठरवायला त्याचा उपयोग होतो.